वऱ्हाडचा डेबूजी : गाडगेबाबांचे घर आणि कष्ट

आमच्या शाळेच्या कार्यालयात थोर पुरुषांच्या तसबिरी ओळीने लावलेल्या आहेत. त्यांत एक तसबीर अशी आहे की जिच्यासमोर नवी मुले हमखास थबकतात. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, वाढलेली दाढी, हातात खराटा, आणि डोक्यावर टोपी नाही, पागोटे नाही, तर मातीच्या फुटक्या मडक्याचा तुकडा. हे आजोबा कोण आणि त्यांनी मडके डोक्यावर का घेतले, असा प्रश्न पाचवीच्या एका मुलाने मागे मला विचारला. मी त्याला सांगितले की हे आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, शेतात राबणारे गृहस्थ होते. त्याला ते खरे वाटेना. तसबिरीतली माणसे दूरच्या शहरात, मोठ्या घरात जन्मतात अशी मुलांची समजूत असते. त्या मुलाचे वडील स्वतः दुसऱ्याच्या शेतात सालाने काम करतात. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा गाडगेबाबांविषयीच लिहावे असे मी ठरविले. त्यांच्या कीर्तनांविषयी आणि धर्मशाळांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्यांच्या घराविषयी, म्हणजे कोणत्या घरातून ते आले आणि त्या घराचे काय झाले याविषयी.

बाबांचे मूळ नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी, आडनाव जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे झाला. हे गाव आज अंजनगाव सुर्जी तालुक्यात मोडते. आईचे नाव सखूबाई. जात परिटाची, वऱ्हाडात परिटाला वरठी असेही म्हणतात. गावगाड्यात वरठी हा बलुतेदार. वर्षभर गावाचे कपडे नदीवर धुवायचे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन धान्याचा वाटा घ्यायचा, ही त्याची रीत. हाताशी थोडीफार शेती असली तर ती करायची. अशा घरात पैसा खेळत नसतो. पीक बुडाले की कास्तकाराच्या पाठोपाठ बलुतेदारही बुडतो.

झिंगराजींच्या घराला बुडविले ते मात्र दारूने. त्या काळी देवाला बकरे कापायचे, पंगत घालायची आणि पंगतीत दारू वाढायची ही चाल होती. लग्न असो, बारसे असो, तेरवी असो, दारूवाचून कार्य होत नसे. जो पाजणार नाही तो जातीतून उठला. अशा रीतीने लोकांना पाजता पाजता झिंगराजी स्वतः व्यसनात सापडले. घरदार गेले, प्रकृती ढासळली, आणि १८८४ साली ते वारले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. सखूबाई मुलाला घेऊन माहेरी गेल्या. हे माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातले दापुरे. तेथे सखूबाईंचे वडील हंबीरराव आणि भाऊ चंद्रभानजी यांची शेती होती.

मामाच्या घरी भाचा राहायला आला की त्याच्या वाट्याला काय येते हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पहिल्या दिवशी पाहुणचार होतो, आणि आठ दिवसांनी हातात गुराखीपणाची काठी येते. डेबूजीच्याही हातात ती आली. पण त्याने त्याचे दुःख केले नाही. पहाटे उठून गोठा झाडायचा, शेणकूर काढायचे, गुरे रानात न्यायची, नदीवर नेऊन त्यांना घासून धुवायचे, आणि संध्याकाळी परत आणून बांधायची. त्याचा गोठा आणि त्याची जनावरे गावात नावाजली गेली. पुढे जो माणूस गावोगावचे रस्ते झाडीत फिरला त्याने खराटा प्रथम हातात धरला तो दापुऱ्याच्या गोठ्यात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पुस्तकातून किंवा कोणाच्या उपदेशातून त्याला स्वच्छता समजली नव्हती. बैल घाणीत बसला तर त्याला गोचीड होते आणि मग तो वखराला चालत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता.

शाळा मात्र त्याला मिळाली नाही. दापुऱ्यासारख्या गावात बलुतेदाराच्या पोरक्या मुलाने शाळेत जावे ही कल्पनाच कोणाच्या मनात आली नसावी. रात्री भजनाला बसून, ऐकून ऐकून त्याने अभंग तोंडपाठ केले. स्मरणशक्ती दांडगी होती. पुढे हजारो माणसांपुढे तासनतास कीर्तन करताना त्याच्याजवळ कागदाचा चिटोरा नसे. तो असून उपयोगही नव्हता.

वाढत्या वयाबरोबर डेबूजी नांगर, वखर, तिफन सगळे चालवू लागला. पेरणीत आणि डवरणीत त्याच्या बरोबरीने चालणारा गडी गावात सापडणे कठीण झाले. अंगाने धिप्पाड, पोहण्यात तरबेज, आणि कामाला मागे न हटणारा. १८९२ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, त्याचे लग्न झाले. पत्नी कुंताबाई दर्यापूरकडच्या कमालपूरच्या. घर भरले, शेत पिकत होते. आता दिवस बरे येतील असे सखूबाईंना वाटले असेल.

त्या वेळचा वऱ्हाड कसा होता हे येथे थोडे सांगितले पाहिजे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढच्या वीस वर्षांत आगगाडी आली, कापसाला विलायतेचा भाव मिळू लागला, आणि जमिनीची मोजणी होऊन ती खातेदाराच्या नावावर चढली. जमीन नावावर चढली म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली, विकता येऊ लागली, आणि कोर्टाच्या हुकमाने जप्तही होऊ लागली. पूर्वी सावकार धान्य नेई. आता तो वावर नेऊ लागला. काळ्या कसदार मातीचे, पांढऱ्या सोन्याचे हे मुलूख, पण ज्याच्या घामाने कापूस पिकला त्याच्याच नावाचा सातबारा कोरा होत गेला.

चंद्रभानजींचेही तेच झाले. त्यांनी एका सावकाराकडून कर्ज घेतले होते. सुगी आली की ते कापूस, धान्य, रोकड नेऊन देत. मनात समजत की कर्ज फिटत चालले. माणूस सरळ; पावती मागणे म्हणजे सावकाराच्या इमानावर संशय घेणे असे त्यांना वाटे. शिवाय पावती मिळाली असती तरी ती वाचणार कोण? सावकाराने पुढे ठेवलेल्या कागदावर ते अंगठा उठवीत गेले. एके दिवशी कळले की कर्ज तर फिटलेले नाहीच, उलट व्याज वाढून जमीनच सावकाराची झाली आहे. ज्या कागदांवर आपण अंगठे दिले त्यांत काय लिहिले होते हे मामांना तेव्हा प्रथम समजले. त्या धक्क्याने त्यांनी अंथरूण धरले आणि ते त्यातून उठले नाहीत.

हा प्रसंग मी वर्गात सांगतो तेव्हा मोठी मुले गप्प होतात. त्याचे कारण आहे. आमच्या शाळेत दर वर्षी प्रवेशाच्या वेळी आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मी टेबलाशी बसलेला असतो. अजूनही काही पालक येतात, विशेषतः आया आणि आजोबा, जे कागदात काय आहे हे न विचारता डाव्या हाताचा अंगठा पुढे करतात. शाईची डबी कोठे आहे एवढेच विचारतात. मी त्यांना थांबवून अर्ज वाचून दाखवितो तर त्यांना अवघडल्यासारखे होते. मास्तरांचा वेळ आपण खातो असे वाटते. अशा वेळी शेजारी उभे असलेले त्यांचे मूल खाली मान घालून उभे असते. शाळेचा अर्ज आहे म्हणून ठीक आहे. पण बाजार समितीत, पतपेढीत, जमिनीच्या व्यवहारात हाच अंगठा याच विश्वासाने पुढे होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मामा गेले आणि सगळा भार डेबूजीवर आला. सावकार माणसे घेऊन वावराचा ताबा घ्यायला आला त्या दिवशी डेबूजी शेतात काम करीत होता. त्याने जागा सोडली नाही. ज्या जमिनीत आपण हाडे झिजविली ती आपण सोडणार नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. झटापट झाली आणि सावकाराला त्या दिवशी परत फिरावे लागले. सावकारापुढे मान वर करून उभा राहिलेला माणूस दापुऱ्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिला. गावाला कौतुक वाटले. पण डेबूजीच्या मनात निराळेच चालले असावे. मनगटाच्या जोरावर एक वावर राखता येते, पण अंगठ्यांनी गेलेली गावोगावची वावरे कोण परत आणणार? पुढच्या पन्नास वर्षांत कर्ज, सावकार आणि अक्षरशत्रू माणूस हे विषय त्यांच्या कीर्तनातून कधी सुटले नाहीत. यावरून मला असे वाटते.

त्याच सुमारास घरात पहिली मुलगी झाली. तिचे नाव आलोका. बारशाला जातगंगा जमली. रिवाजाप्रमाणे बकरे आणि दारू होणार अशी सर्वांची अपेक्षा होती. डेबूजीने गोडाचे जेवण वाढले. भाईबंद चिडले, नाही नाही ते बोलले, बहिष्काराची भाषा झाली. त्याने ऐकून घेतले आणि वाढणे चालू ठेवले. ज्याने आपल्या बापाला अशाच पंगतींत संपताना पाहिले होते त्याला हे अवघड गेले नसेल असे वाचकांना वाटेल. मला उलट वाटते. बिरादरीसमोर एकट्याने रीत मोडणे सावकाराशी झुंजण्यापेक्षा कठीण असते. आपल्या समाजात दारूचा प्रश्न त्या रूपात नाही. पण लग्नातल्या जेवणावळी, मांडव, देणेघेणे यांसाठी कर्ज काढणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. चारजण काय म्हणतील या भीतीने काढलेले ते कर्ज मुलांच्या फीमधून फेडले जाते.

आलोकानंतर कलावती, मुद्गल आणि गोविंद ही मुले झाली. मुद्गल लहानपणीच गेला. घरात आई, पत्नी, मुले असताना १ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजी घराबाहेर पडला. वय जवळपास एकोणतीस. अंगावर फाटके वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. येथे पालकांच्या मनात एक प्रश्न येईल, आणि तो माझ्याही मनात आहे. कमावता माणूस असा निघून गेला तर मागे राहिलेल्यांनी काय करायचे? चरित्रे वाचताना या प्रश्नावरून घाईने पुढे जाण्याचा मोह होतो. कुंताबाईंनी काय भोगले असेल याचा हिशेब कोणत्याच पुस्तकात पुरता लिहिलेला नाही. त्या आणि सासूबाई सखूबाई पुढे ऋणमोचन येथे झोपडी बांधून राहिल्या आणि कष्ट करून जगल्या.

ऋणमोचन हे पूर्णेच्या काठचे गाव. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. डेबूजी घर सोडल्यावरही त्या यात्रेला येत असे. भजनात बसण्याऐवजी तो चिखलात उतरलेल्या म्हाताऱ्या माणसांना हात देई, घसरडी दरड कुदळीने खणून पायवाट करी, घाण उचली. आई आणि पत्नी तेथेच त्याला भेटल्या. तो भेटला, पण घरी परतला नाही. पुढे याच ठिकाणी लोकांच्या मदतीने नदीला घाट बांधला गेला. ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. कर्जाने उद्ध्वस्त झालेल्या घरातल्या माणसाचे पहिले मोठे बांधकाम याच नावाच्या गावी व्हावे हा योगायोग आहे.

बारा वर्षे ते असे फिरले. कोणत्याही गावात शिरायचे आणि काही न बोलता झाडायला लागायचे. कोणी भाकरी दिली तर ती फुकट घ्यायची नाही. लाकडे फोडून, अंगण झाडून, शेतात काम करून मग खायचे. गाडग्यात भाकरी आणि कालवण एकत्र घ्यायचे, पाणीही त्यातच प्यायचे, आणि काम नसेल तेव्हा ते डोक्यावर उपडे घालायचे. यावरून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. आमच्या पाचवीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे.

दिवसा गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. कीर्तन शुद्ध वऱ्हाडीत. समोरच्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याकडून उत्तरे काढून घ्यायची, हसवायचे, आणि हसता हसता त्यांना गप्प करायचे. आज आम्ही शिक्षणशास्त्राच्या पदवीला प्रश्नोत्तर पद्धती म्हणून जे शिकतो ते हा शाळेची पायरी न चढलेला माणूस रोज रात्री करीत होता. नवसाला बकरे कापू नका, शिवाशीव पाळू नका, सण आणि लग्न यांसाठी कर्ज काढू नका, आणि मुलांना शाळेत घाला, हा त्यांचा नेहमीचा विषय. ताट नसेल तर भाकरी हातावर घेऊन खावी, बायकोला स्वस्ताचे लुगडे घ्यावे, पण मुलाला शिकविल्यावाचून राहू नये, असे ते सांगत. देवळात पैसे घालण्यापेक्षा शाळेला द्या, असेही ते बजावीत.

लोकांनी पैसा दिला. तो त्यांनी हातात ठेवला नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला, म्हणजे मामाच्या गावाच्या तालुक्याला, गोरक्षण आणि विद्यालय झाले. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली धर्मशाळा झाली, ती रोग्यांबरोबर येणाऱ्या खेड्यातल्या नातेवाइकांसाठी. आजारी माणसाला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर आलेल्या बापाने फुटपाथवर निजायचे, हे त्यांना खटकले होते. दादरची धर्मशाळाही त्यांच्याच नावाने चालते. तेथे कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसे उतरतात. वऱ्हाडातून मुंबईला उपचारासाठी गेलेल्या कितीतरी कुटुंबांना तिचा आधार झाला आहे.

या सगळ्या इमारतींत त्यांनी स्वतःसाठी खोली ठेवली नाही, आणि आपल्या नातेवाइकांना त्यांवर हक्क सांगू दिला नाही. कुंताबाई झोपडीत आणि नवऱ्याने बांधलेल्या धर्मशाळेत हजारो परके, असे चित्र होते. लोकांचा पैसा घरात शिरला की काय होते याची त्यांना धास्ती असावी. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्यांना हे चित्र रोज डोळ्यांसमोर ठेवणे जड जाईल.

मुलगा गोविंद तरुणपणी ५ मे १९२३ रोजी वारला. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. बातमी तेथे पोचली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. या प्रसंगाची थोरवी पुष्कळ गायली जाते. मला मात्र वाचताना प्रत्येक वेळी झोपडीतली आई आठवते.

पंढरपूरला त्यांनी महार समाजाच्या यात्रेकरूंसाठी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली होती, कारण इतर धर्मशाळांत त्यांना पायरीवरही उभे करीत नसत. १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. एक परदेशातून पदव्या घेऊन आलेला विद्वान आणि एक नांगरट करणारा निरक्षर, यांचे एकमेकांशी जमले ते शिक्षणाच्या मुद्द्यावर. कर्मवीर भाऊराव पाटलांशीही त्यांचा असाच जिव्हाळा होता. रयत शिक्षण संस्थेने कराडला १९५४ साली जे महाविद्यालय काढले त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. आपल्याकडचे अमरावती विद्यापीठ १९८३ साली स्थापन झाले, आणि पुढे त्याच्या नावातही संत गाडगेबाबा आले. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे पदवीपर्यंत पोचतात त्यांच्या पदवीपत्रावर ते नाव छापलेले असते. गावे स्वच्छ करण्याच्या सरकारी अभियानालाही २००० सालापासून त्यांचे नाव मिळाले. खराट्यामुळे ते सर्वांना ठाऊक झाले. कर्जाविषयी आणि अंगठ्याविषयी ते काय सांगत होते ते मात्र तितके लोकांपुढे राहिले नाही, अशी माझी तक्रार आहे.

त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही, आपली गादी चालवायला कोणी नेमला नाही. १९५२ साली मिशन स्थापन झाले, ते संस्थांची देखरेख नीट चालावी म्हणून.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. प्रकृती फार खालावली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेल्याची बातमी आली. तिने ते अधिकच खचले. त्यानंतरचे दिवस ते मोटारीने वऱ्हाडात फिरत होते. २० डिसेंबर १९५६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, अमरावतीजवळ वलगाव येथे पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांचे प्राण गेले. पार्थिव अमरावतीला आणले. जेथे अंत्यविधी झाला त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात. आमची मुले परीक्षेला किंवा दवाखान्याला अमरावतीला जातात तेव्हा त्यांनी तेथे उतरावे, आणि समाधीकडे जाणारा रस्ता झाडलेला आहे की नाही तेवढे पाहून यावे.